औषधाचा भाव वाढवणं: कुठे गुन्हा, कुठे नाही?

पाणवठा (मूळ लेख)

मी रुग्णालयाच्या खरेदी विभागात बरीच वर्षं काढली आहेत. तिथे एक प्रकार पुन्हापुन्हा पाहिला. पेटंट कधीच संपलेलं, जुनं, साधं औषध असतं. बनवणारे तीन-चार जण असतात, ते एकेक करून गळतात, एकच उरतो आणि पुढच्या दरपत्रकात भाव ओळखू येत नाही. अशाच एका इंजेक्शनच्या वेळी मी पुरवठादाराला कारण विचारलं. "घ्यायचं तर घ्या, दुसरीकडे मिळणार नाही," एवढंच उत्तर आलं. ते खरंही होतं. रुग्ण खाटेवर होता, आम्ही घेतलं. तेव्हापासून प्रश्न डोक्यात आहे, की हे कायद्याने चालतं का?

शोधायला लागल्यावर कळलं की उत्तर देशागणिक बदलतं. दोनच उदाहरणं देतो.

पहिलं ब्रिटनचं. फेनिटोईन हे अपस्माराचं फार जुनं औषध. फायझर ते 'एपानुटिन' या नावाने विकायची आणि ब्रँडेड औषध असल्यामुळे त्याच्या नफ्यावर सरकारी योजनेचा लगाम होता. सप्टेंबर २०१२ मध्ये फायझरने विक्रीचे हक्क फ्लिन या छोट्या कंपनीला दिले. फ्लिनने ब्रँडचं नाव काढून टाकलं, औषध जेनेरिक झालं आणि लगाम सुटला. कॅप्सूल तीच, बनवणारी फायझरच. शंभर मिलिग्रॅमच्या पाकिटाचा भाव २.८३ पौंडांवरून ६७.५० पौंडांवर गेला. सरकारी आरोग्यसेवेचा या एका औषधावरचा वर्षाचा खर्च सुमारे २० लाख पौंडांवरून पुढच्याच वर्षी सुमारे ५ कोटींवर पोहोचला. डिसेंबर २०१६ मध्ये तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाने, म्हणजे मक्तेदारीचा गैरवापर आणि संगनमत रोखणाऱ्या यंत्रणेने, फायझरला ८ कोटी ४२ लाख आणि फ्लिनला ५२ लाख पौंड दंड केला. आरोप थेट होता: भाव अवाजवी आहे.

दुसरं अमेरिकेचं. डाराप्रिम, टॉक्सोप्लाझ्मोसिस (परजीवीमुळे होणारा संसर्ग) यावरचं तितकंच जुनं औषध. २०१५ मध्ये मार्टिन श्क्रेलीच्या कंपनीने ते विकत घेतलं आणि एका गोळीचा भाव चाळीसहून अधिक पटींनी वाढवून ७५० डॉलर केला. देशभर संताप उसळला. पण तिथल्या स्पर्धा कायद्यात नुसता भाव जास्त असणं हा गुन्हाच नाही. २००४ च्या ट्रिंको निकालात सर्वोच्च न्यायालयाने साफ सांगितलं आहे की मक्तेदारीचा भाव आकारणं बेकायदा नाही. मग पकडलं कशात? कंपनीने वितरण असं आवळलं होतं की जेनेरिक उत्पादकांना चाचणीसाठी मूळ गोळ्याच मिळू नयेत. शिवाय कच्चा माल पुरवणाऱ्याशी एकट्यापुरता करार करून ठेवला होता. या अडवणुकीसाठी २०२० मध्ये खटला झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने ६ कोटी ४६ लाख डॉलर भरायला लावले, वर श्क्रेलीला औषध उद्योगात आजन्म बंदी घातली.

म्हणजे एकीकडे यंत्रणा विचारते, "भाव एवढा का?" आणि दुसरीकडे विचारते, "दुसऱ्याला येऊ का दिलं नाही?" कायद्यांचे मसुदे वाचले तर देशोदेशी बरेचसे सारखेच आहेत. फरक पडतो तो यंत्रणा कोणता प्रश्न विचारू शकते आणि तो किती लवकर विचारते, यात. इथे कायद्याचे, वैद्यकीचे, अर्थशास्त्राचे जाणकार आहेत. तुमचं काय मत?

नवी_पालवी

धाग्याबद्दल मनापासून आभार. दोन शंका. भाव "अवाजवी" आहे हे ठरवतात कसं? आणि फेनिटोईन महागलं तर डॉक्टरांनी दुसरं औषध का दिलं नाही?

शुभ्रकोट

दुसऱ्या शंकेचं उत्तर मी देतो. फेनिटोईनची उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर फार कमी असतं. रक्तातली पातळी जराशी घसरली तरी वर्षानुवर्षं न आलेला झटका येऊ शकतो, जराशी वाढली तर विषबाधेची लक्षणं दिसतात. म्हणून ज्याचं बस्तान बसलं आहे त्याला उत्पादकसुद्धा बदलून देऊ नये, असं मार्गदर्शन आहे. बाजारात पर्याय असतात, पण त्या रुग्णापुरता बाजार एका कॅप्सूलवर येऊन थांबतो. विकणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं.

दस्तऐवज

पहिल्या शंकेबद्दल. युरोपात १९७८ चा युनायटेड ब्रँड्स हा निकाल आधार धरतात. खटला केळ्यांचा होता, पण कसोटी आजही तीच वापरतात. पहिली पायरी: उत्पादनखर्च आणि विक्रीचा भाव यांतला फरक अतिरेकी आहे का? दुसरी: हा भाव मुळातच, किंवा स्पर्धक मालाशी तुलना करता, अन्याय्य आहे का?

ऐकायला सोपी वाटली तरी न्यायालयात ही कसोटी घसरडी आहे. फेनिटोईनमध्येच पाहा. २०१८ मध्ये स्पर्धा खटल्यांच्या अपील न्यायाधिकरणाने दंडाचा आदेश बाजूला ठेवला, कारण प्राधिकरणाने फेनिटोईनच्या गोळ्यांच्या भावाशी तुलना नीट तपासली नव्हती. २०२० मध्ये अपील न्यायालयात प्राधिकरणाचे काही मुद्दे मान्य झाले, काही नाही. प्राधिकरणाने पुन्हा बसून २०२२ मध्ये नवा आदेश काढला: फायझरला ६ कोटी ३० लाख, फ्लिनला ६७ लाख पौंड. त्यावरही अपील झालंच. भाववाढ २०१२ ची आहे, हे लक्षात घ्या.

नेदरलँड्सचं प्रकरण त्यामानाने स्वच्छ होतं. सीडीसीए हे पूर्वी पित्ताशयातल्या खड्यांसाठी दिलं जाणारं औषध. एका अतिदुर्मीळ आनुवंशिक चयापचय-विकारावर ते चालतं हे डॉक्टरांना आधीपासून ठाऊक होतं आणि तसं ते देतही होते. २००८ मध्ये पाकीट ४६ युरोंचं होतं. मग लिडियंट या कंपनीच्या हातात ते आलं, दुर्मीळ आजाराचं औषध म्हणून नव्याने नोंदवलं गेलं आणि २०१७ मध्ये पाकिटाचा भाव १४,००० युरोंवर गेला. नवं संशोधन जवळजवळ काही नाही, जोखीम नाही. तिथल्या यंत्रणेने २०२१ मध्ये सुमारे १ कोटी ९६ लाख युरो दंड केला. इटली आणि स्पेननेही पुढच्याच वर्षी त्याच कंपनीला दंड केला.

पण मला सगळ्यांत उपयोगी वाटतो तो युरोपीय आयोगाने अॅस्पेन कंपनीबाबत काढलेला तोडगा. कर्करोगावरची सहा जुनी औषधं होती. आयोगाने दंड केला नाही, कंपनीकडून हमी घेतली आणि ती २०२१ मध्ये बंधनकारक केली: भाव सरासरी ७३ टक्के खाली आणायचे आणि दहा वर्षं त्याच्या वर न्यायचे नाहीत. रुग्णालयांना फायदा लगेच मिळाला. अनेकांना यात कंपनी सुटली असं वाटतं, मला तसं वाटत नाही. दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जाते. औषध घेणाऱ्याला त्यातलं काही आपोआप मिळत नाही. ब्रिटनमध्ये २०१९ साली याच कंपनीने फ्लुड्रोकॉर्टिसोनच्या प्रकरणात थेट आरोग्यसेवेला ८० लाख पौंड देण्याचं कबूल केलं, तेव्हा तसं पहिल्यांदाच घडत होतं.

तिठा

सगळ्यांचा आदर राखून मतभेद नोंदवतो. ही सगळी उदाहरणं मला एकच गोष्ट सांगतात: स्पर्धा कायदा हे इथलं हत्यारच नाही.

फेनिटोईनमध्ये चूक कुठे झाली? ब्रँड काढला की भावनियंत्रण संपतं, ही फट नियमात होती. ती फट ब्रिटनने २०१७ मध्ये कायदा करून बुजवली. जेनेरिकचे भावही सरकार खाली आणू शकेल असा अधिकार घेतला. त्यासाठी दहा वर्षं वकिलांना पोसायची गरज नव्हती. भारतात हृदयातल्या स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी २०१७ मध्ये औषध किंमत प्राधिकरणाने कमाल मर्यादा घातली आणि किमती त्याच क्षणी उतरल्या. त्यासाठी कुणाचं वर्चस्व सिद्ध करावं लागलं नाही, बाजाराची व्याख्या, म्हणजे कुणाची स्पर्धा कुणाशी आहे त्याची हद्द, करावी लागली नाही.

जिथे रुग्ण निवड करू शकत नाही, पैसे तिसराच भरतो आणि नकार देणं म्हणजे जीव धोक्यात घालणं असतं, तिथे "स्पर्धा" कुणाची जपायची? भाव ठरवा आणि मोकळे व्हा.

नवी_पालवी

तिठा यांच्याशी सहमत व्हावंसं वाटतंय. कुणी खोडून काढेल का?

पाणवठा

तिठा, जुन्या, एकट्या उरलेल्या औषधांपुरतं तुमचं म्हणणं मला पटतं. पण भाव ठरवणाऱ्याला जे दिसतच नाही, त्याचं काय? साटंलोटं त्याला दिसत नाही.

चिलीत तीन औषधदुकान-साखळ्यांच्या हातात मिळून ९० टक्क्यांहून जास्त बाजार होता. आधी त्या एकमेकींशी भावयुद्ध खेळत होत्या, तोटा सोसत होत्या. मग डिसेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात तिघींनी मिळून दोनशेहून जास्त औषधांचे भाव ठरवून वाढवले. त्यांत नेहमीची, कायम घ्यावी लागणारी औषधं होती. २००९ मध्ये एकीने, फासा नावाच्या साखळीने, कबुली दिली आणि प्रकरण फुटलं. उरलेल्या दोघी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढल्या आणि २०१२ मध्ये हरल्या. लोकांचा राग एवढा टिकला की २०१६ मध्ये संगनमतासाठी तुरुंगवासाची तरतूद पुन्हा कायद्यात आली. आता सांगा, कोणत्या किंमत प्राधिकरणाने हे पकडलं असतं?

मेक्सिकोचं उदाहरण तर आम्हा खरेदीवाल्यांनी पाठ करावं असं आहे. तिथली सामाजिक सुरक्षा संस्था देशातली सर्वांत मोठी औषध-खरेदीदार. २००३ ते २००६ मध्ये इन्सुलिन आणि सलाइनच्या निविदांत त्याच त्या कंपन्या आळीपाळीने जिंकत होत्या आणि जिंकणारा दर जवळजवळ तोच राहायचा. निविदा बारीक तुकड्यांत निघत, त्यामुळे वाटून घेणं सोपं होतं. संस्थेने खरेदी एकत्र करून मोठ्या निविदा काढायला सुरुवात केली तशी जुनी व्यवस्था कोसळली आणि दर उतरले. २०१० मध्ये स्पर्धा आयोगाने दंड केला, २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. हा पुरावा कुठून आला? निविदांच्या जुन्या कागदांतून, कुणाचा दर किती आणि कोण कितव्यांदा जिंकलं यातून.

भारतातही २०१५ मध्ये चार सरकारी विमा कंपन्यांना स्पर्धा आयोगाने सुमारे ६७१ कोटी रुपये दंड केला, तो याच कारणासाठी. केरळच्या गरिबांसाठीच्या आरोग्यविमा योजनेची निविदा कुणी जिंकायची आणि काम कसं वाटून घ्यायचं, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. सरकारी मालकीच्या असूनही त्या सुटल्या नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटतं.

दस्तऐवज

पाणवठा, पुढचा भागही लिहायला हवा. २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने संगनमत झाल्याचं मान्य केलं, पण दंड सुमारे २ कोटींवर आणला. मुद्दा होता "उलाढाल" म्हणजे काय: कंपनीची सगळी, की फक्त त्या धंद्यातली? न्यायाधिकरणाने फक्त त्या धंद्यातली धरली. २०२३ च्या दुरुस्तीने आता दंडासाठी कंपनीची एकूण जागतिक उलाढाल धरायची तरतूद आली आहे. कायद्यातल्या एका शब्दाच्या अर्थाने ६७१ चे २ होतात, म्हणून मी व्याख्यांवर एवढा भर देतो.

शुभ्रकोट

आता डॉक्टरांच्या बाजूने. स्पर्धा कायद्याचा बडगा आमच्यावरही पडतो आणि काही वेळा तो पडायलाच हवा. पण एका ठिकाणी मला तो चुकीच्या जागी बसलेला दिसतो.

अमेरिकेत १९८२ चा मॅरिकोपा खटला आहे. अॅरिझोनातल्या डॉक्टरांच्या संस्थांनी मिळून फीची कमाल मर्यादा ठरवली होती. किमान नव्हे, कमाल! विमा कंपन्यांना आणि रुग्णांना खर्चाचा अंदाज यावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की एकत्र येऊन दर ठरवणं हे दर ठरवणंच आहे, हेतू काहीही असो. निकाल कठोर आहे, पण तर्क मला समजतो. आज कमाल म्हणून ठरलेला आकडा उद्या सगळ्यांचा दर होतो.

दक्षिण आफ्रिकेत मात्र याच तर्काने उलटं झालं. तिथे पूर्वी विमा योजनांची संघटना, खाजगी रुग्णालयांची संघटना आणि डॉक्टरांची संघटना एकत्र बसून दरवर्षी दर ठरवत. २००३-०४ च्या सुमारास स्पर्धा आयोगाने हे संगनमत ठरवलं आणि तिघांनाही थांबवलं. कायद्याने बरोबर. पण टेबलाच्या एका बाजूला सुट्या सुट्या विमा योजना उरल्या आणि दुसऱ्या बाजूला तीन प्रचंड रुग्णालय-समूह. त्याच आयोगाने पुढे माजी सरन्यायाधीश सँडिले न्गकोबो यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य बाजाराची मोठी चौकशी बसवली. सप्टेंबर २०१९ च्या अंतिम अहवालात नोंद आहे की खाजगी रुग्णालयांतल्या ९० टक्के भरत्या या तीन समूहांकडे होतात. आणि शिफारस काय? सर्वांनी एकत्र बसून दर ठरवण्याचं, नियामकाच्या देखरेखीखालचं व्यासपीठ पुन्हा उभं करा!

आयोगाच्याच चौकशीने आयोगाच्या जुन्या पावलाचा परिणाम असा उघड मांडावा, याचं मला फार कौतुक आहे. इतर देशांच्या यंत्रणांनीही मागे वळून असं तपासायला हवं. दुबळ्यांनी एकत्र येणं आणि बलवानांनी एकत्र येणं यांना एकच नियम लावला की बलवानच जिंकतो.

दस्तऐवज

डॉक्टर, शेवटच्या वाक्याला अर्धीच सहमती. भारतात औषधविक्रेत्यांची संघटनाही आपण छोट्या दुकानदारांसाठी उभे आहोत असंच म्हणत होती. पण तिच्या ना-हरकत पत्राशिवाय औषध कंपनी नवा स्टॉकिस्ट (घाऊक वितरक) नेमू शकत नव्हती. २०१३ मध्ये स्पर्धा आयोगाने हे बेकायदा ठरवलं. तिथे दुबळा कोण होता? संघटनेतला दुकानदार, की ज्याला पत्र मिळत नव्हतं तो नवा माणूस?

शुभ्रकोट

मान्य. एकत्र येऊन समोरच्याशी वाटाघाट करणं आणि एकत्र येऊन नव्याला दाराबाहेर ठेवणं, या दोन गोष्टी मी एकत्र केल्या. दुसरीला माझा पाठिंबा नाही.

किनारा

रुग्णालयांच्या विलीनीकरणावर अजून कुणी लिहिलं नाही. माझ्या मते खरी लढाई तिथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अमेरिकेत १९९० च्या दशकात सरकारी यंत्रणा रुग्णालय-विलीनीकरणाचे खटले एकापाठोपाठ एक हरत गेल्या. हरण्याची कारणं दोन. एक, न्यायाधीशांना वाटायचं की धर्मादाय रुग्णालय भाव वाढवणारच नाही. मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सच्या प्रकरणात १९९६ मध्ये तसंच झालं, रुग्णालयांनी भाव गोठवण्याचं दिलेलं वचन न्यायालयाने मोठं मानलं. दोन, बाजाराची हद्द ठरवायची पद्धत. काही रुग्ण दूरच्या शहरात जातात, मग बाजार तेवढा मोठा धरायचा आणि एवढ्या मोठ्या बाजारात दोन रुग्णालयं एक झाली तर काय बिघडलं? ही पद्धत एल्झिंगा आणि होगार्टी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडली होती आणि ती कोळसा, बिअर अशा मालाच्या वाहतुकीवर बेतलेली होती. कोळसा जिथे पाठवाल तिथे जातो. माणूस अवघड शस्त्रक्रियेसाठी लांब जाईल, पण बाळंतपणासाठी किंवा मोडलेल्या हातासाठी जवळचंच रुग्णालय गाठेल. काही जण जातात म्हणून बाकीचेही जातील, हे गृहीतच चुकीचं होतं.

मग २००२ पासून फेडरल ट्रेड कमिशन या तिथल्या स्पर्धा यंत्रणेने एक शहाणपणाचं काम केलं. हरलेले खटले बाजूला ठेवून, आधीच झालेल्या विलीनीकरणांनंतर भावाचं काय झालं ते मोजायला घेतलं. शिकागोजवळच्या एव्हान्स्टनच्या रुग्णालयाने २००० साली शेजारचं हायलंड पार्क घेतलं होतं. त्यानंतर विमा कंपन्यांना लावलेले भाव चांगलेच वाढले होते. २००४ मध्ये तक्रार दाखल झाली. स्वतः एल्झिंगा यांनी साक्ष दिली की आपली पद्धत रुग्णालयांना लावू नये. आपल्या नावाच्या पद्धतीबद्दल न्यायासनासमोर असं सांगायला मोठं मन लागतं.

कमिशन जिंकलं. पण २००७ चा आदेश काय निघाला? रुग्णालयं पुन्हा वेगळी करा असा नाही. सात वर्षांत विभाग, यंत्रणा, नोंदी सगळं एकजीव झालं होतं. मग सांगितलं की विमा कंपन्यांशी बोलणी करायला दोन वेगळे गट ठेवा. घर एकच, पैसा एकाच तिजोरीत, बोलणारे फक्त दोन.

त्याहून कडू प्रकार जॉर्जियातल्या ऑल्बनीचा. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फीबी पुटनी या रुग्णालय-संस्थेच्या प्रकरणात कमिशनच्या बाजूने एकमताने निकाल दिला. तोवर विलीनीकरण होऊन गेलं होतं. रुग्णालय विकायला लावावं, तर राज्याच्या परवाना-कायद्यामुळे नव्या मालकाला परवानाच मिळणं अवघड. शेवटी २०१५ मध्ये तडजोड झाली आणि विलीनीकरण तसंच राहिलं.

म्हणून मूळ लेखातल्या प्रश्नाला माझं उत्तर: भाववाढ झाल्यावरचा कुठलाही प्रश्न उशिराचाच असतो. लग्नाआधी अडवता येतं, संसार मांडल्यावर नाही.

पाणवठा

किनारा, हा प्रतिसाद स्वतंत्र धाग्याच्या तोडीचा आहे. पण जिथे भाव सरकारच ठरवतं तिथे विलीनीकरण का अडवायचं? जर्मनीत उपचाराचे दर ठरलेले असतात ना?

किनारा

हाच युक्तिवाद तिथे झाला होता. बव्हेरियात रोन-क्लिनिकुम या कंपनीला बाड नॉयश्टाट आणि मेलरिकश्टाट इथली जिल्हा रुग्णालयं घ्यायची होती. स्पर्धा कार्यालयाने २००५ मध्ये मनाई केली. दर सरकारी असताना स्पर्धा कसली, असं कंपनीचं म्हणणं. जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मनाई कायम केली. दर बांधलेले असले तरी रुग्णालयं गुणवत्तेवर रुग्ण मिळवतात आणि तीच चढाओढ वाचवायची आहे. रुग्ण कुठल्या गावातून कुठे जातात याच्या प्रत्यक्ष नोंदींवरून बाजाराची हद्द आखली होती. मात्र २०२१ च्या दुरुस्तीने सरकारी पुनर्रचना निधीतून होणाऱ्या विलीनीकरणांना या तपासणीतून सूट मिळाली. रुग्णालयं कमी करायची हे धोरण आणि विलीनीकरण अडवायचं हा कायदा, दोन्ही एकाच वेळी चालेनात.

ब्रिटनने तर पूर्ण वळसा घेतला. २०१३ मध्ये बोर्नमथ आणि पूल इथल्या दोन सरकारी रुग्णालय-ट्रस्टचं विलीनीकरण स्पर्धा आयोगाने रोखलं. २०२० मध्ये तेच दोन ट्रस्ट एक झाले. २०२२ च्या कायद्याने अशा विलीनीकरणांतून स्पर्धा प्राधिकरणालाच बाजूला केलं.

तिठा

हे मला माझ्याच बाजूचं वाटतं. सरकार पैसे देतं, सरकारच रुग्णालय चालवतं, तिथे शेवटी सगळ्यांना स्पर्धा कायदा अडचणीचा वाटू लागतो.

पाणवठा

पण सरकारला बाहेर ठेवण्याचे चटकेही बसतात, तिठा. माझ्याच कामाशी जवळचं उदाहरण. स्पेनच्या सरकारी आरोग्यसेवेला वैद्यकीय साहित्य पुरवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेने, फेनिनने, युरोपीय आयोगाकडे तक्रार केली की पैसे सरासरी ३०० दिवसांनी मिळतात आणि एवढ्या मोठ्या खरेदीदाराने वर्चस्वाचा हा गैरवापर चालवला आहे. २००६ पर्यंत प्रकरण सर्वोच्च युरोपीय न्यायालयात गेलं. निकाल: जी संस्था सामाजिक ऐक्याच्या तत्त्वावर, मोफत सेवा देण्यासाठी खरेदी करते, ती स्पर्धा कायद्याच्या अर्थाने "उद्योग" नाही. तक्रार दारातच संपली. ३०० दिवस पैसे अडकले की छोटे पुरवठादार आधी मरतात. मग मोठा एकटा उरतो आणि "घ्यायचं तर घ्या" म्हणतो. खरेदीदार म्हणून यात आमचाही वाटा असतो, हे लिहायला मला जड जातं, पण ते खरं आहे.

शुभ्रकोट

एक उदाहरण राहिलं होतं, कारण यात गुन्हा भावाचाही नाही आणि विलीनीकरणाचाही. तो माहितीचा आहे.

म्हातारपणी दृष्टिपटलाचा मधला भाग खराब होतो, त्यावर डोळ्यात इंजेक्शन देतात. लुसेंटिस त्यासाठी मंजूर. अवास्टिन मंजूर कर्करोगासाठी, पण डोळ्यांचे डॉक्टर तेही अल्प मात्रेत वापरू लागले. दोन्हींचं मूळ एकाच प्रयोगशाळेतलं, जेनेनटेकचं. अवास्टिन रोश विकते, लुसेंटिस नोव्हार्टिस. इटलीच्या यंत्रणेच्या हिशेबाने एका इंजेक्शनला अवास्टिन फार तर ८१ युरो, लुसेंटिस सुमारे ९००. २०११ मध्ये अमेरिकेत सरकारी निधीतून दोन्हींची तुलना झाली, दृष्टीवरचा परिणाम सारखा निघाला. इटलीने २०१४ मध्ये दोन्ही कंपन्यांना मिळून १८ कोटी युरोंहून अधिक दंड केला. आरोप होता की स्वस्त औषध डोळ्यांसाठी धोक्याचं आहे असा समज दोघींनी संगनमताने पसरवला. युरोपीय न्यायालयाने २०१८ मध्ये कायद्याची बाजू स्पष्ट केली आणि इटलीत दंड टिकला. फ्रान्समध्ये २०२० मध्ये या जोडीला जेनेनटेकसह ४४ कोटी ४० लाखांचा दंड झाला, तो पॅरिसच्या अपील न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द केला. औषधं तीच, युरोपीय कायदा तोच, निकाल दोन.

या काळात किती रुग्णांनी परवडत नाही म्हणून इंजेक्शन चुकवलं असेल, या विचाराने मी अस्वस्थ होतो. दृष्टिपटलावर झालेला डाग अपील जिंकल्याने जात नाही.

नवी_पालवी

सगळ्या खटल्यांत यंत्रणा, कंपनी, रुग्णालय दिसतं. रुग्ण स्वतः कधी तक्रारदार असतो का?

किनारा

असतो. २००२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत एचआयव्हीसह जगणारी माणसं, त्यांच्यासोबत डॉक्टर, परिचारिका आणि ट्रीटमेंट अॅक्शन कॅम्पेन ही चळवळ स्पर्धा आयोगाकडे गेली. तक्रार ग्लॅक्सोस्मिथक्लाइन आणि बोरिंगर इंगेलहाइम यांच्याविरुद्ध: औषधांचे भाव अवाजवी आहेत आणि त्यामुळे माणसं मरत आहेत. साधारण वर्षभरात, ऑक्टोबर २००३ मध्ये, आयोगाने तक्रारीत तथ्य असल्याचं सांगितलं. डिसेंबरमध्ये दोन्ही कंपन्यांनी तडजोड केली आणि जेनेरिक उत्पादकांना परवाने दिले, स्वामित्वशुल्क जास्तीत जास्त ५ टक्के. दंडाचा आकडा कुणाला आठवत नाही, कारण तो नव्हताच. औषध मिळालं.

त्या देशात हा धागा पुढेही चालू राहिला. तिथल्या संविधानात आरोग्यसेवेचा हक्क लिहिलेला आहे. मेडिक्लिनिक या खाजगी रुग्णालय-समूहाला एका प्रांतातली दोन रुग्णालयं घ्यायची होती. न्यायाधिकरणाने नाकारलं, अपील न्यायालयाने परवानगी दिली, संविधान न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ती काढून घेतली आणि निकालात या हक्काचा आधार घेतला. तिथे बाजाराची व्याख्या करताना आजारी माणूस समोर असतो. इतरत्र तो बहुतेक वेळा "ग्राहक" म्हणून तळटिपेत येतो.

तिठा

हे प्रकरण मला माहीत नव्हतं. माझं मूळ मत बदललेलं नाही, भावनियंत्रण आधी यावं असंच वाटतं. पण परवाने खुले करायला लावणं भाव ठरवणाऱ्याच्या हातात नसतं, हे मान्य करतो.

पाणवठा

सर्वांचे आभार. मी एक ठरवलं आहे. माझ्या विभागातल्या गेल्या काही वर्षांच्या निविदांतून अशी औषधं वेगळी काढणार, जिथे आधी तीन-चार जण दर भरायचे आणि नंतर एकच उरला. दस्तऐवज, यंत्रणेकडे नेण्यासारखं व्हायला त्यात काय काय असावं?

दस्तऐवज

प्रत्येक निविदेची तारीख, प्रमाण, दर भरणाऱ्यांची नावं आणि सगळ्यांचे दर. नुसता जिंकलेला दर ठेवू नका. हरलेल्यांचे दर जास्त बोलतात: ते दरवेळी ठरावीक टक्क्यांनीच वर आहेत का, आज हरलेला पुढच्या वेळी जिंकतो का, माघार घेतलेला नंतर जिंकणाऱ्याकडूनच उपकंत्राट घेतो का. कोणता उत्पादक कोणत्या साली विकला गेला आणि कुणी घेतला, तो रकाना शेजारी ठेवा. मूळ पाकिटं, ईमेल, दरपत्रकं फेकू नका, त्यांवर शेरेही लिहू नका. आणि पुरवठादाराशी यातलं काहीही बोलू नका.

पाणवठा

हरलेल्यांची दरपत्रकं आमच्याकडे तीन वर्षांनी नष्ट करतात. उद्या पहिलं काम ते थांबवायचं.